पाच फरश्या: भेदरलेल्या मांजरीला माणसाची सवय कशी लावायची

मांजर घरी आणलं, कॅरिअरचं (तिला न्यायच्या-आणायच्या पेटीचं) दार उघडलं आणि ते जे वॉशिंग मशीनच्या मागे घुसलं ते तीन दिवस बाहेरच आलं नाही, जेवण तसंच, पाणी तसंच, आणि आपण वाकून बघितलं की आतून नुसतं फिस्कारणं. तुमच्याकडे आत्ता हे चालू असेल तर पहिली गोष्ट, तिला ओढून बाहेर काढू नका. बाकी सगळं खाली सांगते.

आमची खारी (खारी बिस्किटाच्या रंगाची आहे म्हणून) पार्किंगमधली. सात-आठ महिन्यांची असताना पावसाळ्यात गाडीच्या बॉनेटमध्ये उबेला बसली होती, कोणीतरी गाडी सुरू केली आणि मागचा एक पाय गेला, म्हणजे ऑपरेशन करून काढायलाच लागला. तीन पायांची मांजर परत पार्किंगमध्ये कुत्र्यांच्या तोंडी कशी सोडणार, म्हणून ती आमच्याकडे राहिली. तोपर्यंत तिला एकाही माणसाने हात लावलेला नव्हता. वॉचमन काका रोज डब्यातला मासा टाकायचे तोसुद्धा ते लांब गेल्यावरच खायची.

हे मुद्दाम सांगतेय, कारण घरी आणायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा, की हिला खरंच घराची गरज आहे का? रस्त्यावरची सगळी मांजरं सारखी नसतात. काही कधीतरी घरात राहिलेली असतात, हरवलेली किंवा सोडून दिलेली, ती पहिले काही दिवस घाबरतात आणि मग आठवड्याभरात पायात घोटाळायला लागतात. आणि काही जन्मापासून माणसापासून लांबच वाढलेली असतात, त्यांना फेरल म्हणतात, त्यांच्या दृष्टीने आपण म्हणजे मोठा कुत्राच. मांजरीच्या पिल्लाचं माणसाला ओळखायचं वय साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचं. त्या काळात माणसाचा हात लागला तर पुढे सगळं सोपं जातं, नाही लागला तर पुढे प्रत्येक गोष्ट शिकवावी लागते. मोठी झालेली, धडधाकट, आपल्या जागेत नीट जगणारी फेरल मांजर असेल तर तिची नसबंदी आणि रेबीजची लस करून तिथेच परत सोडणं आणि रोज खायला घालणं हे माझ्या मते घरात कोंडण्यापेक्षा जास्त दयेचं आहे. (एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर बहुतेक वेळा तिची नसबंदी झालेलीच असते, परत पकडून तिचे हाल करू नका.) पण जखमी असेल, आंधळी असेल, तिची जागाच पाडून तिथे टॉवर उभा राहत असेल, किंवा पिल्लू असेल, तर मग घर.

आधी डॉक्टर

पकडलीच आहे तर पहिल्या फेरीतच सगळं उरकून घ्या. भूल दिलेली असतानाच नसबंदी, नखं, जंत आणि पिसवांचं औषध, कानातली घाण, लस, जे जे डॉक्टर एकत्र करायला तयार असतील ते सगळं. नंतर दोन-तीन महिने तिला परत कॅरिअरमध्ये कोंबायची वेळ येऊ नये, कारण एकदा विश्वास बसायला लागला आणि मध्येच तुम्ही तिला पकडून सुई टोचायला नेलं की तुमच्या हाताचा आणि सुईचा संबंध तिच्या डोक्यात पक्का बसतो. पुढे न्यायलाच लागलं तर आधी डॉक्टरांशी फोनवर बोला, घाबरट मांजरांना निघायच्या आधी द्यायचं गॅबापेंटिन नावाचं औषध असतं, पण डोस डॉक्टरच ठरवतील, स्वतःच्या मनाने काहीही देऊ नका. विशेषतः पॅरासिटामॉल, म्हणजे आपली क्रोसिन, मांजराला अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. आणि कुत्र्यासाठीचं पिसवांचं ड्रॉप्सचं औषध घरात उरलंय म्हणून मांजरीच्या मानेवर टाकू नका, त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं ते मांजरांना विष आहे.

आता तुमचं. चावली किंवा बोचकारलं आणि रक्त आलं, तर घरची हळद वगैरे लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी जायचं. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. मांजरीला कालच लस दिलीय हे कारण चालत नाही, लसीचा परिणाम व्हायला वेळ लागतो आणि त्याआधी तिला काय झालं होतं ते आपल्याला माहीत नसतं. मी पहिल्याच आठवड्यात हा कोर्स सुरू केला, पुढे पूर्ण केला आणि त्यानंतर माझी भीती गेली, आणि माझी भीती गेल्यावर हात थरथरायचे थांबले, ते तिलाही कळलं असणार.

खोली

पूर्ण फ्लॅट मोकळा द्यायचा नाही. आपल्याला वाटतं बिचारीला मोकळं फिरू दे, पण तिला एवढी मोठी अनोळखी जागा म्हणजे शंभर ठिकाणांहून येऊ शकणारं संकट. एक छोटी खोली द्या, दुसरी नसेल तर वापरात नसलेली बाथरूमही चालते. आमची खोली दहा बाय दहाची, म्हणजे दोन फुटी फरश्या बरोबर पाच. हे फरश्यांचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिला आणायच्या आधीच खोलीतली वाईट बिळं बंद करा. बेडचा बॉक्स, कपाटामागची फट, एसीच्या पाइपाचं भोक, सगळीकडे गाद्या-उशा कोंबा किंवा पुठ्ठा लावा. पण लपायला जागा मात्र द्यायचीच, ती तुम्ही निवडलेली हवी एवढंच. फळवाल्याकडून मोठा पुठ्ठ्याचा खोका आणा, दोन विरुद्ध बाजूंना भोकं पाडा (एकच भोक असलं की तिला कोंडल्यासारखं वाटतं), आत जुनी गोधडी घाला, आणि दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवा. खोक्यात असताना तिला कोणीही हात लावायचा नाही, टॉर्च मारून बघायचं नाही, फोटो काढायचा नाही. घरातल्या लहान मुलांना हा नियम आधी सांगा आणि मग आलेल्या-गेलेल्या मोठ्यांना सांगा, मोठे जास्त मोडतात.

खिडकीला जाळी हवीच. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी घाबरलेली मांजर दातांनी तोडते, स्टीलची लावा. लिटरचं, म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये टाकायच्या खड्यांचं म्हणाल तर विकतचे खडे तिला माहीतच नसतात, पहिले काही दिवस ट्रेमध्ये कुंडीतली साधी माती किंवा बांधकामाची वाळू टाका, मग रोज थोडे थोडे खडे मिसळत जा. ट्रे जेवणापासून लांब. आणि खोलीत फिनाइलने पुसू नका, ते मांजरांना विषारी असतं, पायाला लागतं आणि चाटलं की पोटात जातं. साध्या पाण्यात थोडा साबण पुरतो.

फरश्या मोजायच्या

आता मुख्य गोष्ट. आपल्याला वाटतं विश्वास म्हणजे ती मांडीवर येऊन बसणं, पण तो शेवट झाला आणि सगळ्यांच्या बाबतीत येतोच असंही नाही. सुरुवातीला मोजायचं ते एवढंच की मी किती लांब असताना ती जेवते. खारी पहिले चार दिवस मी खोलीत असताना काहीच खायची नाही, मी बाहेर पडून दार लावलं की वीस मिनिटांनी वाटी वाजल्याचा आवाज यायचा. हा शून्य दिवस. त्यानंतर मी दारालाच टेकून बसायचे आणि वाटी तिच्या खोक्याच्या तोंडाशी. मध्ये पाच फरश्या. नवव्या दिवशी ती मी बसलेली असताना खोक्यातून मान बाहेर काढून दोन घास खाऊन परत आत गेली. मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं: ५.

तेव्हापासून नियम असा, की लागोपाठ तीन दिवस ती आहे त्या अंतरावर आरामात खाते म्हणजे वाटी रिकामी करते, मध्येच पळत नाही, कान मागे पाडत नाही, तर चौथ्या दिवशी वाटी अर्धी फरशी तुमच्याकडे सरकवायची. तुम्ही सरकायचं नाही हं, तुम्ही तिथेच, वाटी सरकते. हा फरक मला फार उशिरा कळला. आपण पुढे सरकलो की शिकारी जवळ आला, वाटी सरकली की जवळ यायचं की नाही ते ती ठरवते. नाही आली, जेवण तसंच राहिलं, तर पुढच्या वेळी वाटी अर्धी फरशी मागे, काही बिघडत नाही.

म्हणून दिवसभर खडकूम (आमच्या घरी कोरड्या दाण्यांना हेच म्हणतात) भरून ठेवू नका. दिवसातून तीन वेळा ठरलेल्या वेळी, तुमच्या हातून, तुमच्या वासासोबत जेवण आलं पाहिजे. पण उपाशी ठेवून वठणीवर आणायचा प्रकार अजिबात करायचा नाही. मोठी मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर तिच्या यकृतावर परिणाम व्हायला लागतो, तेव्हा पूर्ण एक दिवस गेला की रात्री वाटी ठेवून तुम्ही बाहेर निघून जा, तरीही नाही खाल्लं तर सकाळी डॉक्टर. पिल्लू असेल तर एक दिवससुद्धा थांबू नका.

काय द्यायचं तर उकडलेलं चिकन, मीठ-हळद काही नाही, कांदा-लसूण तर नाहीच कारण ते मांजरांना बाधतं. वासासाठी वर चिमूटभर सुकट, पण भिजवून खळखळून धुऊन, नाहीतर त्यात मीठ फार असतं. दूध नको. मांजर आणि दूध हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब झाले की परत डॉक्टर, परत सुई.

बसायचं कसं तेही सांगते. जमिनीवर, तिरकं, तिच्याकडे खांदा करून. उभं राहू नका, खाली बसलं की आपण अर्धे होतो. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, मांजरांच्या भाषेत ती धमकी असते. चुकून नजरानजर झालीच तर डोळे सावकाश, अगदी झोप आल्यासारखे मिटायचे आणि सावकाश उघडायचे, मग दुसरीकडे बघायचं. यावर ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केलाय, त्यात अनोळखी माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरं त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे जास्त आली. खारीने उलट डोळे मिटले तो तेविसावा दिवस होता, मला रडू आलं होतं खरं सांगते.

आणि बोला. हळू, एकसुरी आवाजात, काहीही. मी पेपर वाचून दाखवायचे, आई तिच्यासमोर बसून भाजी निवडायची आणि पुटपुटत स्तोत्र म्हणायची, अजूनही ते स्तोत्र सुरू झालं की खारी येऊन बसते. मोबाइल बघत बसलात तरी चालेल पण आवाज बंद करून, आणि मधेच उठून फोनवर बोलत बाहेर जायचं नाही. रोज वीस-वीस मिनिटं दोन वेळा बसलं तरी पुष्कळ, रविवारी सलग चार तास बसून आठवड्याचा हिशोब पूर्ण होत नाही.

हात

वाटी एका फरशीवर आली की हाताची ओळख. सरळ हाताने भरवायला जाऊ नका, पंजा बसतो. लांब दांड्याचा लाकडी चमचा घ्या, त्याच्या टोकाला चिकनची पेस्ट किंवा ट्यूबमधली क्रीमी ट्रीट लावा आणि जमिनीलगत पुढे करा. ती चाटायला लागली की काही दिवसांनी चमचा थोडा थोडा मागून आखूड धरत जा, असं करत करत एक दिवस तिचं तोंड तुमच्या बोटांपासून वीतभर येतं, मग बोटावर पेस्ट. जाड चामड्याचे हातमोजे घालून सवय लावायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही, तिला हाताची सवय लावायचीय, मोज्याची नाही, आणि ते मोजे बघूनच ती बिचारी भिंतीला चिकटते. जोपर्यंत मोजे लागतील असं वाटतंय तोपर्यंत हात लावायची वेळच आलेली नाही असं समजा.

पहिला स्पर्श तुम्ही करायचाच नाही. बोट पुढे करून थांबायचं, नाकाच्या उंचीवर, वरून नाही. ती येईल, हुंगेल, बहुतेक परत जाईल. एखाद्या दिवशी गाल घासेल. तेव्हा गालावरून किंवा हनुवटीखालून एकदाच बोट फिरवायचं आणि हात मागे घ्यायचा, तिला अजून हवं असेल तर ती परत येईल. तीन सेकंद आणि थांबा, हे मी फ्रिजवर लिहून लावलं होतं. पोट, शेपूट, पाय, इकडे महिनोन्‌महिने जायचं नाही. खारीचा कापलेला पाय तर तिने स्वतःहून माझ्या मांडीला लावला तेव्हाच मी पहिल्यांदा नीट बघितला.

इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. सातव्या आठवड्यात ती माझ्या हाताला डोकं घासत होती, घुरघुरत होती, पुढचे पाय गोधडीवर कणीक तिंबल्यासारखे चालले होते, आणि मला वाटलं झालं आता, आणि मी तिला उचललं. दोन्ही हातांनी, छातीशी. तिने मला मनगटापासून कोपरापर्यंत फाडलं आणि परत खोक्यात. परत ५. तिथून पूर्वीच्या जागी यायला मला तीन आठवडे लागले. घुरघुरणं म्हणजे उचलायची परवानगी नाही, आणि एक लक्षात ठेवा, मांजरं दुखत असताना, घाबरलेली असतानाही घुरघुरतात, तेव्हा नुसतं ते ऐकून ठरवू नका, कान, शेपूट, बुबुळं सगळं मिळून बघा. बुबुळं मोठी काळीभोर झाली, शेपटीचं टोक फटफट हलायला लागलं, पाठीवरची कातडी थरारली, की त्या दिवसाचं काम संपलं, उठून नाही जायचं लगेच, फक्त हात आपल्या मांडीवर ठेवून गप्प बसायचं.

फिस्कारलं तर रागवू नका. मला आता फिस्कारणं आवडतं, म्हणजे ती सांगतेय की थांब. सांगणारी मांजर न सांगता चावणाऱ्या मांजरीपेक्षा केव्हाही बरी. तिला ओरडलं, पाण्याचा फवारा मारला, मानगूट धरली, तर ती सांगायचं बंद करेल, घाबरायचं नाही. मानगूट आई पिल्लाची धरते, मोठ्या मांजरीला त्याने दुखतं आणि भीती बसते.

मागे जाणं होणारच. गणपतीत आमच्या रस्त्यावर ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके, दोन्ही वेळा अंतर दीड फरशीवरून चारवर गेलं. त्या दिवसांत खोक्यावर जाड चादर टाका, खिडक्या लावा, पंखा फुल ठेवा, आणि शिकवायचं काहीच नाही, फक्त जेवण. पाहुणे येणार असतील तर दाराला बाहेरून कडी.

दुसरं म्हणजे विश्वास एका माणसावरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही. माझ्या हातून खाणारी खारी आईला बघून पळायची, आईने पुन्हा पाच फरश्यांपासून सुरुवात केली, तिला मात्र निम्मे दिवस लागले. घरातल्या प्रत्येकाने आपापलं खातं उघडायचं. जो सगळ्यात शांत, सगळ्यात कमी उत्साही माणूस असतो त्याच्याकडे ती लवकर जाते, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

पिल्लांचं गणित वेगळं आहे म्हणून थोडक्यात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर एवढी वाट बघायची नाही, दिवसातून पाच-सहा वेळा टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंड बाहेर ठेवून, भरवता भरवता हाताळायचं, बऱ्याचदा आठवड्या-दोन आठवड्यांत काम होतं. दोन भावंडं असली तर थोडा वेळ वेगवेगळं घेऊन बसा, नाहीतर ती एकमेकांतच रमतात. अंगावर गोल टक्कल दिसलं तर ते गजकर्ण असू शकतं आणि ते आपल्यालाही होतं, हात धुवा आणि दाखवून घ्या.

कॅरिअर मात्र दोघांच्याही बाबतीत पहिल्या दिवसापासून खोलीतच उघडा ठेवा, दार काढून, आत गोधडी, अधूनमधून आत चिकनचा तुकडा. मागच्या महिन्यात लसीला जायचं होतं तेव्हा खारी त्यातच झोपलेली होती, मी फक्त दार लावलं.

आता वर्ष झालं. ती मांडीवर येत नाही. रात्री माझ्या उशाशी, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर झोपते, आणि सकाळी तीन पायांवर टुकटुक करत स्वयंपाकघरापर्यंत माझ्या पुढे चालते. उचलणं अजूनही बंद.

खोलीबाहेर कधी काढायची विचाराल तर आपण काढायची नाहीच, ती आपणहून निघते. ती खोलीत शेपूट वर करून फिरायला लागली, तुमच्यासमोर पाठ करून झोपायला लागली, की एका रात्री सगळे झोपल्यावर मुख्य दार आणि खिडक्या नीट बंद आहेत बघून तिच्या खोलीचं दार वीतभर उघडं ठेवा आणि झोपायला जा. पहिल्या रात्री खारी उंबऱ्यापर्यंत आली, बसली, हॉलच्या फरशीचा वास घेतला आणि परत गेली. दुसऱ्या रात्रीही तेच. अकराव्या रात्री मला दोन वाजता जाग आली तर सोफ्याखालून दोन डोळे चमकत होते. उठू नका, दिवा लावू नका, कूस बदलून परत झोपा.